बावीसचार सर आणि अडीच लिटरची पिशवी

आमच्या शाळेत रसायन शिकवायला जे सर बदलून आले, त्यांचं नाव मुलांनी पहिल्या आठवड्यातच बदलून टाकलं. कुठलाही वायू असो, सर त्याचे मोल काढत आणि डोळे मिटून बावीस पूर्णांक चारने गुणत. झालं उत्तर लिटरमध्ये! म्हणून बावीसचार सर. मी भूगोल शिकवायचो आणि त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायचो, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

सर बावीस वर्षं समुद्रकाठच्या शाळेत होते. आमचं गाव उंच डोंगरावर, दोन हजार मीटरला थोडं कमी. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, शिवणकाम करायच्या. आल्या आल्याच त्यांच्या लक्षात आलं, की इथे बटाटे शिजता शिजत नाहीत आणि सामानातून आलेला बिस्किटांचा बंद पुडा उशीसारखा टम्म फुगलाय.

"अहो, इथली हवा काही वेगळीच दिसतेय," त्या म्हणाल्या.

"हवा सगळीकडे हवाच असते," सर म्हणाले आणि पुडा फोडून बिस्किट खाऊ लागले.

मग आला पालकांसमोरच्या प्रयोगाचा दिवस. सरांनी फळ्यावर झोकात मांडलं: खायचा सोडा आठ पूर्णांक चार ग्रॅम, म्हणजे एक दशांश मोल. व्हिनेगर भरपूर घातलं की तेवढाच कार्बन डायऑक्साइड सुटणार. गुणिले बावीस पूर्णांक चार, म्हणजे दोन लिटर दोनशे चाळीस मिली.

"आणि ही पिशवी अडीच लिटरची. वायू आत ऐसपैस बसेल," सर म्हणाले.

मुख्याध्यापिका कौतुकाने पुढच्याच खुर्चीत बसल्या होत्या. सरांनी सोडा व्हिनेगर भरलेल्या चंबूत टाकला, पिशवी जोडलेलं बूच घट्ट बसवलं आणि चंबू हलवला. पिशवी फुगली. आणखी फुगली. पार ताणून चकाकायला लागली तरी व्हिनेगरचं फसफसणं काही थांबेना.

"सर..." मी हळूच म्हणालो.

"थांबा, आता बसेलच!"

बसलं ते बूच, बाईंच्या मांडीवर. मागोमाग फेसाळ व्हिनेगरचा सपकारा त्यांच्या कोऱ्या साडीवर आला. पालकांनी मात्र टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रयोग हाच होता.

संध्याकाळी मी वर चहाला गेलो, तर सर तोंड पाडून बसलेले. "सोडा जास्त पडला असेल," ते म्हणाले. तीनदा वजन करून घेतलेला सोडा!

वहिनी मशीनवर बाही जोडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "तो तुमचा बावीसचा आकडा कुणाच्या मापाचा?"

"कुणाच्या म्हणजे? कुठल्याही वायूच्या एका मोलचा. शून्य अंश तापमान आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब असताना..." सर बोलता बोलता थांबले. कपातली साय बशीत पडली तरी त्यांना कळलं नाही.

"मी गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही समुद्राचं माप घेऊन डोंगराला सदरा शिवलात."

मी खाली बघून चहा पीत राहिलो. उंचावर दाब कमी असतो हे मी दरवर्षी सातवीला शिकवतो. पण मला तरी कुठे सुचलं होतं!

सरांनी तिथूनच वेधशाळेत फोन लावला. "आत्ता आपल्याकडे हवेचा दाब किती?" पलीकडच्या माणसाला पाऊस सोडून कुणी काही विचारलेलं बहुधा प्रथमच असावं. त्याने उत्साहाने सांगितलं: समुद्रकाठच्या आठ दशांश. प्रयोगशाळेतलं तापमान होतं सत्तावीस अंश, म्हणजे केल्विनमध्ये तीनशे. सरांनी वहिनींच्या बेतायच्या कागदावर खडूने लिहिलं: मोल गुणिले वायूचा स्थिरांक गुणिले तापमान, भागिले दाब. एक दशांश, गुणिले शून्य पूर्णांक शून्य आठ दोन एक, गुणिले तीनशे, भागिले शून्य पूर्णांक आठ.

"तीन लिटर ऐंशी मिली," ते पुटपुटले. "अडीचच्या पिशवीत!"

"बाईंची साडी मी धुऊन देईन," वहिनी म्हणाल्या, "पण माझा कागद तुम्ही मला नवा आणून द्यायचा."

पंधरा दिवसांनी सरांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. आधी वर्गासमोर स्वतःची चूक फळ्यावर लिहिली, मोठ्या अक्षरांत. पिशवी या वेळी चार लिटरची होती. मुख्याध्यापिका आल्या, पण दाराजवळ उभ्या राहिल्या. पिशवी फुगली आणि शहाण्यासारखी थांबली. मुलांनी ती काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवली, सांडलेलं पाणी परातीत धरलं आणि मापलं. दोन लिटर नऊशे मिली! वर्गाने बाकं बडवली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, उरलेले एकशे ऐंशी मिली कुठे गेले?"

"थोडा वायू व्हिनेगरमध्येच विरघळून राहिला असेल," सर सावकाश म्हणाले. "पण सगळा तोच का, ते मला माहीत नाही. शोधून सांगतो."

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत डोकावलो. सर वापरलेलं व्हिनेगर मंद आचेवर गरम करत, त्यातून उठणाऱ्या बुडबुड्यांकडे टक लावून बसले होते. मी दोनदा हाक मारली. मग तिसरी न मारताच घरी आलो आणि वहिनींना सांगितलं, की जेवायला सरांची वाट पाहू नका.