चष्म्यावर न बसलेली वाफ

ताईच्या लग्नाला वीस दिवस राहिले होते आणि व्याह्यांचा निरोप आला होता की जावयाला हिऱ्याची अंगठी हवी. नवी घेणं बाबांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग कळलं, भिवापूरकडच्या एका मालगुजार जमीनदार घरातली बाई आपल्या गेलेल्या नवऱ्याची अंगठी विकते आहे, इतवारीच्या बाजारातल्या एका सराफाकडे भेटेल. बाबांनी मला बरोबर घेतलं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला खरं-खोटं कळतं, असा त्यांचा समज होता. मला मात्र बाजारात तोंड उघडायचीच भीती वाटे, कारण माझं मराठी ऐकून लोक हसत.

मे महिन्यातली दुपार होती. दुकानातला पंखा गरम हवाच फिरवत होता. बाई गादीच्या कोपऱ्यात पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. नवऱ्यानं ही अंगठी कधी बोटातून काढली नाही, शेवटी आपणच काढली, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. मग माझ्याकडे पाहून बाबांना म्हणाल्या, "तुमचीच पोरगी का गा? मोठी गरीब दिसते."

अंगठी जाड, आतून गुळगुळीत झिजलेली. वर ओळीनं तीन खडे, पाठीमागून सोन्यानं बंद केलेले. सराफानं ती कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. रेघ पुसली गेली नाही.

"सोनं चोख आहे," तो म्हणाला. "खड्यांचं मले नोका विचारू. ते तुमचं तुम्ही पाहा."

हिरा ओळखायची बाबांना एकच रीत ठाऊक होती, ऑफिसातल्या कोणीतरी हिवाळ्यात शिकवलेली. खड्यावर तोंडाची वाफ सोडायची. लगेच उडाली तर हिरा, रेंगाळली तर काच. त्यांनी वाफ सोडली. तिन्ही खडे लख्ख. मग मलाही सोडायला लावली. तरी खडे लख्खच. बाबा कितीतरी दिवसांनी हसले आणि त्यांचा हात पिशवीत गेला.

घामानं चष्मा नाकावरून घसरत होता. पुसायला काढला आणि सवयीनं त्यावर वाफ सोडली. काच धुरकट झालीच नाही. पुन्हा सोडली. काहीच नाही.

तेव्हा लक्षात आलं. त्या उन्हात कशावरच वाफ बसत नव्हती. खडे हिऱ्याचे असते काय नि बाटलीच्या काचेचे असते काय, आम्हाला तेच दिसलं असतं. माझं चुकत असेल तर अंगठी हातची जाणार आणि एका विधवा बाईचा चारचौघांत अपमान होणार. गप्प बसले तर सासरचे कधीतरी पारख करतीलच, आणि जन्मभर ऐकायचं ते ताईनं. मी बाबांची बाही ओढली. त्यांना वाटलं, मला तहान लागली. ते माठाकडे बोट दाखवून नोटा काढू लागले.

"बाबा, माझ्या चष्म्यावरही वाफ बसत नाहीये," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं. "आणि ही तर काच आहे."

सराफानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. अंगठी उचलून त्यानं माठाभोवतीच्या ओल्या फडक्यात दाबून धरली. गार झाल्यावर धोतराच्या सोग्यानं कोरडी केली आणि लगेच वाफ सोडली. कडेचे दोन खडे क्षणात निवळले. मधला, सगळ्यात मोठा, पांढरा पडला आणि तसाच राहिला, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा.

बाई आता ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसले. त्या ओरडल्या नाहीत. अंगठी घेऊन त्यांनी मधला खडा पदरानं पुसला, पुन्हा पुसला.

"मंग खरा कुठी गेला वं, पोरी?" त्यांनी मलाच विचारलं.

सराफ तराजूच्या साखळ्या सोडवत बसला. बाबांनी पिशवीचं तोंड बांधलं. परतताना गांधीबागेत त्यांनी मला उसाचा रस घेऊन दिला.

जावयाला साधी सोन्याची अंगठी दिली. आम्ही इतवारीत गेल्याचं व्याह्यांना कळलं होतंच; मांडवातच विहीणबाई म्हणाल्या, "हिरा इतवारीतच राहिला वाटते." ताईला ते पुढे दोन-तीन वर्षं ऐकावं लागलं. म्हणजे ज्याला मी घाबरले होते ते तिच्या वाट्याला आलंच, फक्त खोटेपणाचा आळ तेवढा आला नाही. माठाजवळ काय घडलं ते मी तिला सांगितलं नाही. सांगायला गेले की त्या बाईंचा प्रश्न आधी आठवतो.