ठकुबाईच्या रागाची भिंत

चिखलीच्या ठकुबाईचे केस सोडले तर कमरेखाली येत, आणि राग सुटला तर वेशीपर्यंत जाई. दोन्ही गोष्टी पंचक्रोशीत ठाऊक होत्या. चिमाजी कुंभार तर तिला वाटेत थांबून रामराम घालायचा, कारण महिन्याकाठी तिच्या घरात एखादं तरी मडकं फुटायचंच.

एरवी ठकू अशी गोड, की शेजारची मारकी गाय तिच्याच हाताला पान्हा सोडायची. मग एक दिवस, आभाळात ढग नसताना वीज पडावी, तसं व्हायचं. भाकरी करपली म्हणून ती रडायची आणि दुसरी चांगली फुगली म्हणूनही रडायची. नवरा गेनू पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. घराजवळ आला की तो सायकलची घंटी वाजवायचा, आतून भांडी काय म्हणतात ते ऐकायचा आणि मगच सायकल भिंतीला टेकवायचा.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात ठकूने सासूची लोणच्याची बरणी फोडली आणि सासूचा धीर संपला. कुशाबाई म्हणाली, हे बाहेरचं वारं आहे. चाकणकडच्या कोंडाजी भगताला विचारून ती उपायही घेऊन आली. अमावास्येला मिरच्यांची धुरी द्यायची, मानेपासून केस उतरवायचे आणि तीन वाटा मिळतात त्या तिकाटण्यावर पुरायचे. ठकूने ते ऐकलं आणि वेणी पदराखाली ओढून घेतली. केस पुन्हा वाढले असते. पण भगताने एकदा केस उतरवले, की ‘वारं लागलेली’ हे नाव मरेपर्यंत उतरत नाही, हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी जेवताना गेनू कारखान्याचं कौतुक सांगत बसला होता. तिथं म्हणे एका बाटलीवरून काहीच ठरवत नाहीत. तेच औषध पुन्हा पुन्हा तपासतात, तेव्हा कुठं शिक्का बसतो. ठकूने भाकरी वाढता वाढता हात थांबवला.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “बाटलीला एवढी सवलत, मग मला का न्हाई? दिवाळीपातूर मला बघा. मग खुशाल न्या भगताकडं.”

दिवाळीची अमावास्या भगतालाही पसंत असते, म्हणून कुशाबाई कबूल झाली.

पण बघायचं काय, हे ठकूलाही कळत नव्हतं. ते शेजारच्या दुर्गाबाईने दाखवलं. ही बीडकडची, नवरा कारखान्यात लागला म्हणून इथं खोली घेऊन राहिलेली. गावात बाया महिन्याचे चार दिवस पडवीत बाजूला बसत. पाचव्या दिवशी न्हाऊन आपली अंथरायची वाकळ धुवायची आणि कुंपणावर टाकायची, अशी रीत होती. दुर्गाबाईच्या खोलीतून ठकूचं कुंपण दिसायचं. इंद्रायणीवर धुणं आपटता आपटता ती म्हणाली, “ठकुबाई, मडकं फुटलं की मी समजते, आता तुमची वाकळ कुंपणावर येणार. न् वाकळ आली की तुमच्या घरात गाणं ऐकू येतंय. मलाबी बाजूला बसण्याआधी निस्तं रडू येतंय बघा.”

ठकूच्या हातातलं लुगडं पाण्यात वाहत निघालं.

मग दोघींनी आणि पलीकडच्या मंजुळाबाईने मिळून ठरवलं. गोठ्यामागची भिंत कुणी बघत नाही. तिच्यावर राग किंवा रडू आलं की कावेचं तांबडं बोट उठवायचं आणि बाजूला बसणं आलं की चुन्याचं पांढरं. प्रत्येकीची ओळ वेगळी.

पहिल्याच महिन्यात भिंत तांबडीलाल झाली. मंजुळाबाईने शेळीच्या रागाची बोटं उठवली होती. दुर्गाबाईच्या ओळीत नवऱ्याच्या तंबाखूचीच निम्मी निघाली. असं चाललं तर भिंतच पुरायची नाही, म्हणून तिघी ओट्यावर बसल्या आणि भरपूर भांडून त्यांनी एक नियम केला. ज्या गोष्टीवर परवा हसू आलं होतं, तिच्यावरच आज रडू कोसळलं, तरच बोट. नवऱ्याचा राग आला तर तो नवऱ्याला द्यायचा, भिंतीला नाही.

त्यानंतर भिंत शहाण्यासारखी बोलू लागली. ठकूच्या ओळीत तांबड्यांचा घोळका आला, की मागून पांढरं येई आणि तांबडं नाहीसं होई. दुर्गाबाईचंही तसंच, फक्त फिकट. मंजुळाबाईच्या ओळीत पांढऱ्याआधी काहीच नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटलं. आपल्याला काहीच कसं होत नाही, या विचाराने ती एक दिवस रडली, पण नियमात बसेना म्हणून बोट मिळालं नाही.

दसरा आला. कुशाबाईने रीतीप्रमाणे घर सारवायला काढलं. आतलं झालं, ओटा झाला, शेण उरलं. ते वाया जायला नको म्हणून तिने गोठ्यामागची भिंतही झकास सारवून टाकली.

ठकू भिंतीसमोर उभी राहिली. चार महिन्यांच्या राग-रडण्यावर ओल्या शेणाचा गुळगुळीत हात फिरला होता. दुर्गाबाईने कुशाबाईला गाठलं आणि बोटांची सगळी गोष्ट सांगितली.

“मावशी, भिंत गेली तर जाऊ द्या. तिनं सांगितलेलं आमच्या ध्यानात हाय. कोजागिरीच्या सुमाराला मडकी उचलून ठेवा. रडणं येईल, मागून ठकुबाई बाजूला बसतील, न् न्हाल्यावर हसतील. असं नाही झालं तर न्या भगताकडं.”

कुशाबाई हट्टाची. तिने मडकी उचलली तर नाहीतच, उलट एक नवं कोरं मुद्दाम वाटेत ठेवलं.

कोजागिरीच्या सकाळी गेनू सहज म्हणाला, दूध जरा पातळ वाटतंय. मडकं फुटलं. तुकड्यांमध्ये बसून ठकू हुंदके देऊन रडली. रडता रडताच ती म्हणाली, “दूध पातळच हाय. त्याचं खरंच हाय.” मागून ती पडवीत बसली. पाचव्या दिवशी वाकळ कुंपणावर आली आणि घरात गाणं ऐकू आलं.

दिवस कलताना कुशाबाईने कावेची वाटी मागितली आणि गोठ्यामागं गेली. ठकू मागून आली. सारवलेल्या कोऱ्या भिंतीवर, अगदी वरच्या अंगाला, म्हातारीने पाच तांबडी बोटं एका दमात उठवली.

“ही कुणाची, आत्याबाई?”

“माझी. लई जुनी हायेत. मला बघायला भिंत न्हवती, भगत व्हता.” तिने पदर कपाळावर आणखी पुढं ओढला. “त्यानं इतक्यांदा उतरवलं, की माझं केस तेव्हापास्नं मानेखाली कधी आलं न्हाईत.”

दिवाळीच्या अमावास्येला कोंडाजी भगत कात्री घेऊन आला. कुशाबाईने त्याला ओट्यावर बसवलं, पुढ्यात कानवले ठेवले. वारं कुठं आहे, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वारं साऱ्या आळीला हाय, बाबा. किती जणींचं उतरवणार? तुमची कात्री बोथट व्हईल.” त्याने कानवले खाल्ले, उरलेले धोतराच्या सोग्यात बांधले आणि चाकणची वाट धरली.

आत ठकू न्हाऊन बसली होती. कुशाबाई तेलाची वाटी घेऊन तिच्या मागं टेकली आणि केस विंचरू लागली. फणी वरून निघाली, की खाली पोचायला वेळ लागे. म्हातारी प्रत्येक वेळी अगदी टोकापर्यंत जात होती.