गडाच्या पायऱ्या आणि माझा गुडघा

माझ्या मुलाने आठच्या आधी कधी अंथरूण सोडलेलं नाही. त्याचाच फोन आला, "माय, रविवारी पहाटे रामटेकच्या गडावर जाऊ. सूर्य उगवताना पाहू." सूर्य माझ्या कन्हानच्या अंगणातही रोज उगवतो. मी सडा टाकत असते आणि तो पेरूच्या झाडामागून येतो. त्याच्यासाठी रामटेकला कशाला जायचं?

मागे एकदा "चाल, जिलबी खाऊ" म्हणून त्याने मला नागपूरला नेलं होतं. जिलबी मिळाली, पण डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर.

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हणजे? तुले फिरवावं वाटलं."

"आजच कसं वाटलं?"

"माय, तू पोलीस हायेस का?"

मी जायला हो म्हटलं, कारण त्याच्या मनातलं मला कळलं असं मला वाटलं. दिवाळीनंतर मी मोरीत घसरून पडले होते. मी कोणाला सांगितलं नाही, पण शेजारणीच्या पोटात काही राहत नाही. नवरा गेल्यापासून मी कन्हानच्या दोन खोल्यांत एकटी राहते. मुलगा आणि सून नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर. मला तिकडे न्यायचं म्हणून मुलगा कधीचा मागे लागला आहे. मी हिशेब लावला की गडावर मी धापा टाकत बसले, की हा म्हणणार, पाहिलं, तुझ्याने आता एकटं राहणं होत नाही. म्हणजे ही परीक्षा होती. आठवडाभर मी गुडघ्यांना मोहाचं तेल चोळलं आणि शेजारणीच्या गच्चीचा जिना रोज दोनदा चढले. का, ते तिला सांगितलं नाही.

रविवारी चारला गाडी दारात आली. सुनेने थर्मास घेतला होता. गडावर गाडी अगदी वरपर्यंत जाते, पण मुलाने ती खाली अंबाळ्याला, तलावाजवळ लावली.

"वर रस्ता आहे ना?" मी म्हटलं.

"पायऱ्यांनी मजा येते, माय," तो दुसरीकडे पाहत म्हणाला. सून वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहत होती. तिचं ते पाहणंही मला बरं वाटलं नाही.

अंधार होता. मुलगा पुढे, मोबाईलचा उजेड खाली धरून. सून प्रत्येक वळणावर विचारायची, "आई, बसायचं का?"

"तुले बसाचं असन तर बस वं."

अर्ध्या वाटेवर माझा उजवा गुडघा जात्यासारखा घरघरायला लागला. मी मांडीला हात लावला तो तिने पाहिला. "उजवा जरा कुरकुरतो," मी म्हटलं, "पण चालतो." आणि तिच्या पुढे गेले. धापा मुलगाच टाकत होता. वर पोचले तेव्हा माझं पातळ घामाने भिजलं होतं, पण मी एकदाही बसले नव्हते.

पूर्वेकडे लाल झालं. खाली खिंडसी धरणाचं पाणी दिसायला लागलं. लोक फोटो काढत होते. माझा मुलगा सूर्याकडे पाहतच नव्हता, माझ्याकडे पाहून हसत होता.

"पाहिलं?" तो सुनेला म्हणाला. "म्हणे आईले जिना झेपणार नाही. गड चढली ते. आपले तीन मजले काय हायेत?" मग मला म्हणाला, "आपल्या बिल्डिंगले लिफ्ट नाही, माय. हे त्याच्यावरच अडून बसली होती. आता पुढच्या महिन्यात तुझं सामान घेऊन जाऊ."

मी पास झाले होते. सूर्य कधी वर आला ते मी पाहिलं नाही.

उतरायला लागलो. दहा पायऱ्या झाल्या आणि मी गुडघा धरून खाली बसले.

"काय झालं, माय?"

"गुडघा गेला."

त्याने धरून उठवलं, मी दोन पायऱ्या लंगडले आणि पुन्हा बसले. त्याचं तोंड उतरलं. "तू इथंच थांब, मी गाडी वरती आणतो," म्हणून तो पायऱ्या उतरत धावत गेला.

सून माझ्या शेजारी बसली. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून मला दिला.

"आई, चढताना उजवा म्हणाल्या होत्या. आता डावा धरून बसल्या आहात."

मी चहा प्याले. "दुखणं पसरते," मी म्हटलं.

"हो ना. पण त्यांच्यासमोर एकच धरा. उजवाच बरा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती तलावाकडे पाहत होती. थोड्या वेळाने वरून हॉर्न ऐकू आला. मी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि उजव्या पायाने लंगडत वर गेले. गाडीत ती नवऱ्याला म्हणाली, "जिना नाही जमणार त्यांना. मी पहिल्यापासून म्हणून राहिली होती." कन्हान येईपर्यंत तो प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी हळू करत राहिला. त्याचं वाईट वाटलं, पण घर सोडण्याएवढं नाही.

सामानाचा विषय पुन्हा निघाला नाही. मध्यंतरी सून एकटीच आली, सोबत मिस्त्री घेऊन, आणि मोरीत धरायला भिंतीत लोखंडी दांडी बसवून गेली. म्हणजे मी इथेच राहावं, हे तिच्या मनात पक्कं आहे. ते माझ्यासाठी की तिच्यासाठी, हे मी विचारलेलं नाही. ती गेल्यावर दांडी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मजबूत आहे.