आधी स्टेपनी

शालिनीताई गायकवाड कुणालाही खुशाली विचारत नसत. त्या विचारत, “स्टेपनीत हवा आहे?” समोरच्या माणसाकडे गाडी आहे की नाही, हा प्रश्न त्यांना गौण वाटे. आमच्या इमारतीतल्या एका बारशाला त्या आल्या, पाळण्यात वाकल्या, बाळाचा दंड अंगठ्याने हलकेच दाबला आणि त्याच्या आईला म्हणाल्या, “हवा बरोबर आहे.” बाळ हसले. आईला हसावे की नाही, हे लगेच ठरवता आले नाही.

काळाचौकीच्या एका चाळीत, तळमजल्याच्या खोलीत त्यांचे ड्रायव्हिंग स्कूल होते. शिक्षक एक, गाडी एक. गाडी पांढरी, छोटी, टपावर लाल अक्षरातला ‘एल’. ताईंचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी टॅक्सी चालवली आणि मुलीलाही चालवायला शिकवली. पुढे मुलीने निम्म्या काळाचौकीला शिकवले. लग्न करायचे राहून गेले. विचारणाऱ्याला त्या सांगत, “सिग्नल लागला होता. मी थांबले. मागचे हॉर्न मारून निघून गेले.”

मी निवृत्त शिरस्तेदार. आयुष्य न्यायालयात गेले. मुलगा परदेशी गेला आणि त्याची गाडी आमच्या इमारतीखाली धूळ खात राहिली, म्हणून साठी उलटल्यावर मी ताईंकडे शिकायला गेलो. पहिल्या दिवशी मी गाडीचे दार उघडताच त्यांनी ते लावून घेतले.

“साहेब, बसायचं नाही. आधी वाकायचं.”

“मी गाडी चालवायला आलो आहे.”

“गाडी चाकं चालवतात. तुम्ही नुसते बसता.”

पहिला आठवडा मी वाकण्यात घालवला. टायरच्या नक्षीतल्या खोबणीत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायचा. “रिटायर झाला तो,” ताई म्हणाल्या, “तुमच्यासारखा. पेन्शन तेवढी नाही.” टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. “आम्ही पत्रिका मानत नाही, साहेब. टायरची मात्र बघूनच घेतो. नक्षी कितीही छान असली तरी म्हातारा टायर उन्हानं आतून तडकलेला असतो.” हवा सकाळी तपासायची, गाडी थंड असताना, कारण गाडी पळून आली की हवा तापते आणि मीटर खोटे बोलते. खोटी साक्ष मला परिचित होती. हा मुद्दा मला एकदम समजला.

मग चाक बदलण्याची परीक्षा. ती चाळीच्या अंगणात होई आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या प्रेक्षकांनी भरत. माझ्या वेळी पहिलाच नट हलेना. मी दोन्ही हातांनी पाना ओढत होतो. दुसऱ्या मजल्यावरून एका आजींनी निकाल दिला, “पायान दाब रे झिला, हातान काय होवचा नाय.” मला झिला, म्हणजे पोरा, म्हणणारे कुणी उरले असेल, असे वाटले नव्हते. मी पायाने दाबले. नट सुटला. गॅलऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. न्यायालयात माझ्यासाठी कधी टाळ्या वाजल्या नव्हत्या.

परीक्षेनंतर ताईंनी संबोधनाचा नियम घालून दिला. “गाडीच्या आत तुम्ही माझे विद्यार्थी. बाहेर माझे काका.” तो नियम आम्ही दोघांनीही पाळला.

माझ्याच तुकडीत मधुकरराव सोनावणे होते. परळच्या एका रुग्णालयात क्ष-किरण विभागात नोकरी करून निवृत्त झालेले, विधुर, अबोल. त्यांना लायसन्स मिळाले, तरी ते येत राहिले. विचारले तर म्हणत, “रिव्हर्स कच्चा आहे.” पुढे त्यांनी गाडी घेतली, तीही ताईंच्या गाडीसारखीच, त्याच रंगाची. दुसरी चालवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही रिव्हर्स कच्चाच. एक पूर्ण पावसाळा हा गृहस्थ उलटा चालला. अखेर ताईच म्हणाल्या, “मधुकरराव, आता पुढचा गिअर टाका, नाहीतर फी भरा.” त्यांनी पुढचा गिअर टाकला. लग्न ठरले.

सुपारी फुटायच्या दिवशी मी ताईंच्या बाजूने बसलो होतो. मधुकररावांची थोरली बहीण सुमनबाई पहिल्या भावजयीला फार जीव लावून होत्या. त्यांनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, “मूळ चाक गेलं. आता ही स्टेपनी.” आवाज त्यांनी कमी ठेवला नव्हता. ताई हसल्या. खोलीतले सगळे हसले. माणसे अशा वेळी हसतात.

दुसऱ्या दिवशी ताईंनी शिकवणी घेतली नाही. गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या.

“काका, तुम्ही कोर्टातले. नीट सांगा. स्टेपनी म्हणजे काय?”

“पाचवे चाक,” मी म्हणालो.

“ती कधी लागते?”

“दुसरे चाक पंक्चर झाल्यावर.”

“म्हणजे अडचणीपुरती. मूळ चाक दुरुस्त झालं की परत डिकीत.” त्यांनी टपावरचा ‘एल’ बोटाने पुसला. “मी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, स्टेपनीला जपा. मला कुणी तसं म्हटल्यावर एवढं का लागावं?”

मी त्यांना लग्नाच्या दिवशी गाडी चालवण्याचा शब्द दिला. त्या म्हणाल्या, “चालवा. तुमचा वेग कमी आणि तोंड बंद.”

लग्न परळच्या हॉलमध्ये सकाळचे होते. शिकवणीच्या गाडीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. टपावरचा ‘एल’ काढायला ताईंनी नकार दिला, “शिकतेच आहे मी.” त्या पांढरी शुभ्र साडी नेसून मागे बसल्या, त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश माझ्या शेजारी. नवरी आणि ‘एल’ एकत्र पाहून लोक आम्हाला वाट देत होते आणि तोंडावर हात ठेवत होते.

लालबागला उड्डाणपुलाखाली रस्त्याच्या कडेला मंडपाचा एक लोखंडी सांगाडा पडला होता. समोरून आलेल्या टेम्पोला जागा द्यायला मी गाडी डावीकडे घेतली. खर्र असा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली.

ताई उतरल्या, निऱ्या सावरत वाकल्या आणि चाकाच्या कुशीवरून बोट फिरवले. “बाजूला चीर गेलीय. खिळा असता तर पंक्चर काढलं असतं. कुशीत फाटलेला टायर शिवायचा नसतो. प्रकाश, स्टेपनी.”

प्रकाश हलला नाही.

“प्रकाश.”

“ताई, डिकीत लाडू आहेत.”

“लाडवांखाली काय आहे?”

“लाडू.”

लाडवांच्या पाचही टोपल्या बसाव्यात म्हणून त्याने स्टेपनी काढून घरी पलंगाखाली ठेवली होती. हे त्याने ज्या आवाजात सांगितले, त्या आवाजात मी आयुष्यात अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत.

आमच्या शेजारी मसाल्याची दुकाने. आत मिरची कुटली जात होती. गर्दी जमली आणि शिंकू लागली. गर्दीत ताईंचे पाच-सहा जुने विद्यार्थी निघाले. त्यांच्या गाड्या वेगळ्या, चाके वेगळी. कुणी टॅक्सी थांबवली, कुणी दुचाकी पुढे केली. ताई एकाही वाहनात बसल्या नाहीत. त्या मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर, मिरच्यांच्या पोत्याशेजारी बसल्या.

“काका, सगळ्या मुंबईला विचारत फिरले, स्टेपनीत हवा आहे का. आणि आज माझ्याच गाडीत स्टेपनी नाही. त्या बाईंना कळलं तर काय म्हणतील?”

“टॅक्सीने चला,” मी म्हणालो. “दोन सिग्नल आहेत.”

“तिथं पोचून तरी काय? डिकीतच ना?” त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. “तुम्ही टॅक्सीनं जा. सांगा त्यांना, नवरी येत नाही.”

त्या हे रागाने बोलल्या असत्या तर मला धीर आला असता. त्या शांतपणे बोलल्या. मी जागचा हललो नाही. मला दुसरे काही येत नव्हते.

तेवढ्यात प्रकाशने हॉलवर फोन लावला. पलीकडे फोन नेमका सुमनबाईंनी उचलला. प्रकाशने घाबरून सगळेच सांगून टाकले, लाडूंसह. सुमनबाई एकच वाक्य बोलल्या, “तिथंच थांबा,” आणि फोन ठेवला.

बराच वेळ गेला. मग परळच्या बाजूने आधी शिट्ट्या ऐकू आल्या, मग हसण्याचा आवाज. गाड्या जागच्या जागी अडकल्या होत्या आणि त्यांच्या मधून, पांढऱ्या कुर्त्यातले मधुकरराव स्वतःच्या गाडीची स्टेपनी दोन्ही हातांनी ढकलत, घरंगळवत येत होते. मागे जरीची साडी खोचलेल्या सुमनबाई, काखेत जॅक. त्यांच्या मागे पाच-पन्नास वऱ्हाडी, आणि सर्वांत शेवटी लग्न लावायला आलेले भन्तेजी, कारण हॉलमध्ये त्यांच्याशिवाय कुणी उरले नव्हते.

ताईंना पाहताच मधुकररावांचे हात सुटले. चाक एकटेच पुढे आले. माणसे दोन्ही बाजूंना उड्या मारून सरकली. चाक थेट मिरच्यांच्या पोत्यावर आदळले, पोते फुटले आणि लाल धुरळा उठला. वऱ्हाड शिंकले. बघे शिंकले. भन्तेजीही शिंकले, परंतु शांतपणे.

ताई उठल्या. चाक त्यांच्या पायाशी आडवे पडले होते. त्यांनी त्यावर अंगठा दाबला. मग पर्समधून हवेचे मीटर काढले. लग्नाला निघालेल्या नवरीच्या पर्समध्ये ते असेल, अशी मला खात्री होतीच.

“हवा बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “कधी तपासली?”

“रविवारी,” मधुकरराव धापा टाकत म्हणाले. “दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना.”

“स्टेपनीची पण?”

“आधी स्टेपनीची. मग बाकीच्यांची.”

ताईंनी मीटर पर्समध्ये परत ठेवले. लालबागच्या त्या हवेत सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आले होते, म्हणून त्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

मग त्यांनी चपला घातल्या. “वाजले किती? चला, परीक्षा. हँडब्रेक?”

“ओढला,” मी म्हणालो.

“समोरच्या तिरक्या चाकाला?”

“दगड,” जुने विद्यार्थी एका सुरात म्हणाले.

“नट कधी सैल करायचे?”

“गाडी जमिनीवर असताना.”

“काढलेलं चाक कुठं?”

“गाडीखाली.”

“का?”

“जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.”

“नट घट्ट कसे?”

“समोरासमोर,” आता वऱ्हाडही ओरडत होते. मसाल्याचा दुकानदारही ओरडत होता, फुटलेले पोते विसरून.

सुमनबाई भन्तेजींकडे वळल्या. “तुमच्या गाथा नंतर. आधी हिच्या होऊ द्या.” आणि खाली बसून त्या स्वतः जॅक लावू लागल्या.

“तिरका लावू नका, वन्सं,” ताई म्हणाल्या.

सुमनबाईंनी वर पाहिले. हा शब्द त्यांना ताईंकडून पहिल्यांदाच ऐकू आला होता. “मग दाखव ना सरळ कसा लावायचा,” त्या म्हणाल्या. ताई त्यांच्या शेजारी बसल्या. मधुकररावांनी पाना फिरवला, मी चाक धरले, आणि गाडी पुन्हा चार पायांवर उभी राहिली. लग्न वेळेत लागले. लाडवांच्या टोपल्या वऱ्हाडाने डोक्यावरून नेल्या, कारण फाटलेल्या टायरला डिकीत जागा द्यावीच लागली.

आता शालिनीताई आणि मधुकरराव नाशिकला असतात. शाळा प्रकाश चालवतो. डिकीला तो हात लावत नाही. ताईंचा फोन येतो तेव्हा मी प्रश्नाची वाट न पाहता सांगतो, “आहे.” त्या म्हणतात, “मग बरे आहात.”

त्यांच्या लग्नाचा फोटो माझ्याकडे आहे. पांढऱ्या साडीवर, निऱ्यांच्या अगदी मधोमध, रबराचा काळा अंगठा उमटलेला आहे. फोटो काढणाऱ्याने तो आधीच पाहिला होता आणि पदर पुढे घेऊन झाकायला सांगितले होते. सुमनबाईंनी त्याला हाताने मागे सारले.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “स्टेपनीचा आहे.”