नारिंगी सहा महिने

कामोठ्यात आमचं मेडिकल आहे. काउंटरवर मी आणि आमचे हे, दोघंच. लोक अर्ध्या स्ट्रिपा घेऊन येतात, "ताई, बरं वाटलं, ह्या घ्या परत!" कापलेली स्ट्रिप परत घेता येत नाही, पण सोबत आलेला किस्सा ठेवून घ्यावाच लागतो. असे किती साठलेत काय सांगू!

*

आमच्याच बिल्डिंगमधले पाटीलकाका. घसा बसला म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. तिसऱ्या दिवशी काकूंचाही घसा धरला, तर काकांनी उरलेल्या गोळ्या त्यांना देऊन टाकल्या!

"अहो काका, कोर्स पूर्ण करायचा असतो, वाटायचा नसतो!"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली. आमच्यात सगळं निम्मं-निम्मं!"

आठवड्यानं दोघंही खोकत हजर. आमचे हे म्हणाले, "खोकला मात्र दोघांना फुल मिळालेला दिसतोय!"

*

मग तानाजी. मार्केटला पोती उचलणारा साताऱ्याचा गडी. त्याला टीबी निघाला. घरी बायको सुनंदा, म्हातारी आई आणि दोन वर्षांची चिमी. सरकारी दवाखान्यानं त्याच्या गोळ्या आमच्याकडे ठेवल्या होत्या. दर आठवड्याला न्यायच्या, रिकाम्या स्ट्रिपा आणून दाखवायच्या. सहा महिने, एक दिवसही खाडा चालणार नाही. मी सगळं नीट समजावलं. एक गोष्ट सोडून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतेय तोच हा दारात! चेहरा पार पडलेला.

"ताई, मी गेलो. लघवीतनं रक्त चाललंय."

"रंग कसला आहे?"

"नारिंगी!"

मी कपाळावर हात मारला. "अरे बाबा, तो गोळीचा रंग! औषध अंगात फिरतंय, त्याचीच खूण ती."

"मग आदी सांगायचं ना ताई! मी भावाला फोन करून चिमीला सांभाळ म्हणून सांगून बसलो!"

*

त्याची आई एकदा औषध न्यायला आली. म्हणाली, "पोरी, गोळी जाती पोटात, रोग हाय छातीत. मग तिला रस्ता कोन दावतं?"

"आजी, ती रक्तात मिसळते आणि अंगभर फिरते."

आजींनी जरा विचार केला. "म्हंजी समद्या बिल्डिंगीत बेल वाजवीत हिंडती, आन् चोर जिथं लपलाय तिथंच राडा करती!"

माझी फार्मसीची चार वर्षं एका वाक्यात संपली!

*

तिसऱ्या महिन्यात तानाजीचा खोकला गेला, वजन वाढलं, तो पुन्हा कामाला लागला. रिकाम्या स्ट्रिपा वेळेवर येत होत्या. मी खूश! एका दुपारी सुनंदा आली, चिमी कडेवर.

"ताई, चार दिवस झाले. रंग साधा येतोय."

म्हणजे गोळ्या बंद! तानाजीला बोलावून घेतलं, तर म्हणतो, "मळमळतं ओ ताई. आणि आता मी ठणठणीत हाय की!" गोळ्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरल्या होत्या!

मला भयंकर राग आला. "अर्धवट मेलेले जंतू पुन्हा उठले, तर ह्याच गोळ्यांना दाद देणार नाहीत. आणि तू खोकणार कुणाच्या तोंडावर? चिमीच्या!"

त्याच्या पाठोपाठ आलेल्या आजी कडाडल्या, "खुरपनी अर्दी टाकली की हराळी दुप्पट माजती, हे शेतात शिकिवलं न्हवतं व्हय रं तुला?"

सुनंदा ओरडली नाही. फक्त म्हणाली, "उद्यापासून फ्लश मी करणार."

तानाजीचं तोंड बघण्यासारखं झालं! डॉक्टरांनी पुन्हा तपासून मळमळीवर उपाय दिला, गोळ्या सुरू झाल्या. पुढं एकदाही खाडा झाला नाही. रोज सकाळी सुनंदाची तपासणी असायची.

*

कोर्स संपला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "बरा झालास" म्हणून सांगितलं. तरी तानाजी पेढे घेऊन आला तो तिसऱ्या दिवशी. संध्याकाळची वेळ, दुकानात ही गर्दी, सगळ्यात पुढं पाटीलकाका. हा दारातूनच ओरडला,

"ताई, पिवळी झाली! एकदम साधी पिवळी!"

अख्खी लाईन वळून बघायला लागली. मला रडूच आलं. पाटीलकाकांनी पेढा घेतला, पण तोंडात घालेनात.

मागून चिमीला घेऊन सुनंदा आली. किती दिवसांनी हसत होती!

"ताई," ती म्हणाली, "आज ह्यांनी स्वतः फ्लश केलं!"