सुनंदाबाईंना विचारायचं राहून गेलं

गुरुवारच्या ऑपरेशन लिस्टवर पहिलं नाव होतं सुनंदा घाडी, वय चोपन्न, डाव्या स्तनाचा कॅन्सर. पुढे ‘मास्टेक्टॉमी’, म्हणजे पूर्ण स्तन काढणं. ते मीच लिहिलं होतं.

खरं तर गाठ लहान होती. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून स्तन वाचवता आला असता. आयुष्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. मात्र स्तन ठेवला की रेडिएशन घ्यावंच लागतं. तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. बाई वडाळ्याच्या, दादरच्या फूलबाजारात हार ओवणाऱ्या. यांना कुठलं रोज यायला जमतंय, असं मी परस्पर ठरवून टाकलं. परळच्या ओपीडीत पंचवीस वर्षं काढली की असलं शहाणपण आपोआप येतं.

बुधवारी राउंडला सहीसाठी फॉर्म पुढे केला. सुनंदाबाईंनी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, बाजूच्या बेडवरच्या बाईची नुसती गाठ काढली. माझं सगळं कशाला?”

मी बोलायच्या आत त्यांची नणंद म्हणाली, “काढूनच टाका हो डॉक्टर. माझा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. आता ठेवायचं कोणासाठी?”

“माझ्यासाठी,” सुनंदाबाई म्हणाल्या.

मी स्टूल ओढून बसले आणि दोन्ही पर्याय पहिल्यांदाच नीट समजावले. कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या तर पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, हेही सांगितलं.

“आणि रेडिएशनला रोज यावं लागेल. जमेल?”

“आमचं काम अकराला आटपतं. दुपारचा नंबर द्या. न जमायला काय झालं?”

मी तिथूनच रेडिएशनच्या टेक्निशियनला फोन लावला. “कदम, दुपारी दोनचा स्लॉट लागेल. तीन आठवडे.”

“देतो मॅडम. पण पेशंट मध्येच सोडणार नाही ना?”

फोन स्पीकरवर होता. “नाय सोडणार,” सुनंदाबाईंनी परस्पर सांगून टाकलं.

गुरुवारी गाठ काढली. टाके घालण्याआधी कडा तपासायला पाठवल्या. याला फ्रोजन सेक्शन म्हणतात. अर्धा तास आम्ही थिएटरमध्ये नुसते उभे. मग पॅथॉलॉजीतून निरोप आला, “कडा क्लीन आहेत.”

जखम भरल्यावर पंधरा सेशन्स झाली. एक दिवस पुढे ढकलावा लागला, तोही आमचं मशीन बंद पडलं म्हणून. आता दोन वर्षं झाली. तपासण्या नॉर्मल आहेत.

कुणाला काय जमेल, हे विचारायला दहा मिनिटं लागतात. ओपीडीत गर्दी असते, हे खरं. तरी लागतातच.