पूर्ण रिंग

हे लिहायचं महिनाभर टाळतोय. दोन ओळी टाकतो आणि उठून चहा प्यायला निघून जातो... आज रविवार आहे, लिहूनच टाकतो.

मी सध्या गोंदियात बियाणं-औषधांच्या एका एजन्सीत फिरतीवर आहे. त्याआधी बिरसीला विमानतळाजवळच्या टपरीवर होतो, शिकाऊ पोरांची विमानं बघण्यात दिवस जायचा... ते जाऊ द्या.

एजन्सीत दर सोमवारी सकाळी मीटिंग. आधी सगळ्यांनी मोबाईल सरांसमोरच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवायचे. ज्याचा वाजला, त्याचे सगळ्यांना समोसे. सरांचा फोन मात्र सरांच्या हातात... तो वाजला की आम्ही गप्प बसायचं.

त्या सोमवारी सुखदेवचा वाजला. सुखदेव दरेकसाचा, नुकताच लागलेला, अजून पक्का नव्हता झाला. रिंग संपेपर्यंत वाजला, थांबला, परत वाजला. सर म्हणाले, "चलो भाई, आज समोसे सुखदेव के." कोणीतरी म्हणालं, चटणी जास्त आण. सगळे हसले.

सुखदेव हसला नाही. त्याच्या घरून नेहमी मिस्ड कॉल यायचा, मग हा लावायचा. त्यातही गावात रेंज नाही, स्टेशनवर यावं लागतं. पूर्ण रिंग कोणी देतच नव्हतं.

तो उठून म्हणाला, "सर, घरचा आहे. घरून अशी रिंग येत नाही कधी."

सरांनी टार्गेटच्या कागदातून मान वर केली नाही. "बैठ जा. मीटिंग के बाद."

तो बसला. फोन अजून एकदा वाजला, ट्रेमध्ये थरथरत सरकला... आणि गप्प झाला.

मीटिंग सुटल्यावर त्याने तिथेच उभ्याने फोन लावला. बायकोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. तिची सासू, म्हणजे सुखदेवची आई, पहाटे मोहफुलं वेचायला गेली होती, अस्वलाने फाडलं. लोकांनी खाटेवर टाकून स्टेशनवर आणली. गोंदियाची पॅसेंजर उभीच होती, पण बायको कधी एकटी गोंदियाला आलेली नाही. गाडी निघून गेली.

"गाडी उभी होती. चढवू का नको, कोणाले विचारू? तुमी उचलूनच नाई राहिले."

सुखदेव एवढंच बोलला, "एखादी जीप पाह्य. मी निघून राहिलो."

माझ्या बाईकवर मागे बसला. आमगावच्या पुढे समोरून त्याच्या गावाकडची जीप आली. ती सावकाश येत होती, घाई संपल्यासारखी... ते बघूनच तो चालत्या बाईकवरून उतरला.

पॅसेंजरमध्ये चढवली असती तर वाचली असती का, कोणालाच माहीत नाही. सुखदेवलाही नाही, आणि तेच त्याला खातंय.

तो कामावर परत आला नाही. पुढच्या सोमवारी ट्रे तसाच समोर होता, आम्ही एकेकाने फोन ठेवले. समोशांचं नाव कोणी काढलं नाही.

मीटिंगमध्ये फोन वाजू नये, हे मलाही पटतं. पण वाजलाच, तर कशासाठी आहे एवढं तरी विचारावं माणसाने...

थांबा, खालून कोणीतरी हाक मारतंय. कुडव्याच्या माझ्या खोलीवर सहसा कोणी येत नाही... खिडकीतून बघितलं तर सर. एकटेच. म्हणतायत, "दरेकसा जाना है, सुखदेव के घर. तू चल साथ में."